शिंपल्यावरचे तांदूळ

गेल्या वर्षीचा सव्वीस मे, रविवार, नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतला, दुसरा दिवस. ठरलेली रक्कम अठ्ठावीस हजार, त्यातले पाच हजार आगाऊ, रोख. हजर: मी, माझी बायको वैशाली, चाकांच्या खुर्चीत माझे वडील, आणि जरीपटक्याचा मासेवाला ललित. व्यवहाराची वस्तू म्हणजे खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी, तिच्यातले दगड, दोन मासे आणि एक वीतभर शिंपला. वेळ दुपारी दोनची, आणि खोलीत अंधार.

यंदाचा नवतपा परवा लागला. कूलरला नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं, आणि वाळ्याचा ओला वास घरभर झाला. या वासानं लोकांना काय काय गोड आठवतं, असं मी वाचतो. मला मारणं आठवतं. नखाखाली फुटणारा बारीक टच असा आवाज, पाण्याचा खारट वास आणि वर्तमानपत्रावर मांडलेल्या मेलेल्यांच्या ओळी.

नागपूरचा मे महिना सोसायचा नसतोच, त्याच्याशी मारामारी करायची असते. सकाळी दहाला खिडक्यांना पुठ्ठे लावायचे, दारं लोटायची, दुपारभर घराची गुहा करून आत पडून राहायचं. बाहेर ऊन डोक्यात दगड घातल्यासारखं पडतं. स्कूटरच्या सीटवर हात ठेवला तर कातडी आक्रसते. सुट्टीत उन्हात खेळणाऱ्या पोरांचे घोळणे फुटतात आणि पांढऱ्या शर्टांवर लाल रेघा घेऊन ती घरी येतात, आया ओरडत नाहीत, नुसतं डोक्यावर पाणी ओततात. आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात दोन-चार कबुतरं मरून पडतात. झाडूनं ढकलली की वजनच लागत नाही, आत काही उरलेलंच नसतं.

अशा गावात, समुद्रापासून रात्रभराच्या रेल्वेच्या अंतरावर, आमच्या घरी समुद्राचं पाणी आहे. ते मुलाचं, अमेयचं काम. कॉलेजात असताना त्याला हा नाद लागला. आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ मोजून मिसळायचं, ते हलवायचं, तापमान बघायचं. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली, तो गेला, आणि टाकी आमच्याकडे राहिली, मुलांची कुत्री राहतात तशी. मी बुटीबोरीच्या एका कापडाच्या कारखान्यात हिशेब बघतो. आकडे लिहून दिले की कुठलंही काम मला जमतं. अमेयनं आकडे लिहून दिले आणि मला टाकी जमली.

शिंपला टाकीच्या मधोमध सपाट दगडावर बसलेला असे, तोंड वर करून. परदेशात पाळून वाढवलेला, त्याचे सगळे कागद मी मागून घेतले होते. दिवा लागला की तो उघडे आणि त्याची झालर बाहेर पसरे: निळी, तपकिरी, कडेला हिरवे ठिपके, पैठणीचा पदर पाण्यात सोडल्यासारखी. वैशाली पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "हे जित्तं हाय? मले तर कोणाचं ब्लाऊज पीस पडलं वाटलं."

त्या झालरीवर बारीक डोळे असतात. त्यांना चित्र दिसत नाही, फक्त सावली कळते. वरून सावली गेली की शिंपला खप्पकन मिटतो, कारण त्याच्या दृष्टीनं वरून येणारी प्रत्येक सावली त्याला खायला आलेली असते. सावली गेली की थोड्या वेळानं पुन्हा उघडतो. एवढाच त्याचा स्वभाव.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला: साल्या. पाणी पाहिजे असलं तरी साल्या, चहा गोड झाला तरी साल्या, सून औषध घेऊन आली तरी साल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, सवयीच्या शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात, त्या वाचतात. वैशाली सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, "मामाजीईचा शब्दही नेमका हाच वाचला. नवल नाही."

धरमपेठेतून फिजिओथेरपीची ताई यायची. तिनं दोन वाट्या दिल्या होत्या, एका वाटीत नाणी. उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं एकेक नाणं उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचं, असा व्यायाम. बाबा डाव्या हातानं वाटी भिरकावून द्यायचे. नाणी पलंगाखाली जायची, मी वाकून गोळा करायचो. मोजून परत ठेवायचो, कारण सवय. उजवा हात मांडीवर पडलेला असे, बोटं आत वळलेली.

तो हात मला चांगला माहीत आहे. बाबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सबंध दिवस झेंडी आणि दिवा धरणारा हात घरी आला की रिकामा असे, आणि रिकामा हात आमच्या घरी फार वेळ रिकामा राहत नसे. रेल्वे क्वार्टरमधले आमचे उन्हाळे म्हणजे ढेकणांचे उन्हाळे. मे लागला की सगळ्या खाटा अंगणात. आई चुलीवर पाणी उकळायची, बाबा खाटेच्या सांध्यांत ते ओतायचे, मग खाट उचलून जमिनीवर आपटायचे. खाट आपटली की ढेकूण पावसासारखे पडत. आम्ही दोघं भाऊ, मी आणि शरददादा, चपला घेऊन तयार. फुटलेल्या ढेकणाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. अंगणात जे रक्त सांडे ते आमचंच असे, रात्रभर त्यांनी आमच्यातून काढलेलं.

बाबा मेहनताना देत. दहा ढेकणांना पाच पैसे. मेलेले ढेकूण वर्तमानपत्रावर दहा-दहांच्या ओळीत मांडायचे, बाबा वाकून बोटानं ओळी मोजायचे, पैसे तळहातावर ठेवायचे. एका वर्षी शरददादानं मोठ्या ढेकणांचे दोन-दोन तुकडे करून ओळी भरल्या. बाबांनी तिसऱ्या ओळीवर बोट थांबवलं. एक तुकडा उचलून उन्हात धरला. नंतर जे झालं ते एकाच हाताचं, एकाच वेळचं होतं. दादा खाटेवर पडला, आणि डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. ढेकणाच्या रक्तासारखीच दिसत होती, काही फरक नव्हता. त्या कानानं त्याला अजून कमी ऐकू येतं. तो भिलाईला असतो. वर्षातून एकदा येतो तेव्हा बाबांकडे तोच कान करून बसतो.

माझ्या ओळी बरोबर असत. कायम. मी हिशेबाच्या कामात का गेलो, असं कोणी विचारलं तर मी मार्क कमी पडले असं सांगतो.

मग एका संध्याकाळी, खुर्ची टाकीला लागून आणि टाकीचा दिवा लागलेला असताना, नाकावरची माशी हाकलायला म्हणून बाबांचा उजवा हात हलला. जेमतेम. टाकीच्या काठापर्यंत आला आणि पडला. पण बोटांची टोकं दिव्याच्या आणि पाण्याच्या मधून गेली, सावली पडली, आणि शिंपला खप्पकन मिटला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. तो हळूहळू उघडेपर्यंत बघत राहिले. मग, दात खाऊन, खांद्यापासून जोर लावून, त्यांनी पुन्हा हात उचलला. शिंपला मिटला.

"साल्या," बाबा म्हणाले आणि हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाच खेळ. हात वर, शिंपला बंद. ताई मला म्हणाली, "काका, हे सोडू नका. तेच करू द्या त्याईले. दुसऱ्या कशासाठी हात उचलून नाही राहिले ते." हात टाकीच्या काठावर टेकू लागला, मग काठाच्या वर वीतभर जाऊ लागला. वैशाली स्वयंपाकघरातून विचारायची, "आज किती खेपा?" मी सांगायचो. वीस. चोवीस. आयुष्यभर ज्या हाताखाली घरातली माणसं मिटत आली, त्याला आता हक्काचं कोणीतरी मिळालं होतं, असं मला वाटे. मी ते कोणाला बोललो नाही. हात वर जात होता, एवढं खरं होतं.

मार्चमध्ये मी ललितकडून दुसरा, लहान शिंपला आणला. बाबांना दोन असले तर बरं, असा विचार. तो पंधरा दिवसांत मेला. उन्हाळा लागला होता, मी ते मरण उन्हाळ्याच्या खात्यात टाकलं आणि विषय संपवला.

एप्रिलच्या शेवटी मोठ्याची झालर आखडू लागली. कडा आत वळल्या, ठिपक्यांचा रंग मळका झाला. सावली पडली तरी तो लगेच मिटेना. बाबा हात उचलून धरत, हात थरथरे, तरी शिंपला विचार केल्यासारखा अर्धवट मिटे. पाच-सहा दिवसांनी तेवढाही मिटेना. बाबांनी त्या संध्याकाळी तीनदा हात उचलला. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी हात मांडीवरच राहिला, बोटं आत वळवून.

मी अमेयला फोन केला. तो म्हणाला, "पप्पा, बारीक गोगलगायी असू शकतात. पांढऱ्या, तांदळाच्या कणीएवढ्या. शिंपल्याच्या बुडाशी बसतात, सोंड घालतात आणि रस पितात. दिवसा दिसणार नाहीत, अंधारात वर येतात. रात्री बघा."

मी रात्री बघितलं. रोज दहाला, जेवण झाल्यावर, भिंग घेऊन. एकही दिसली नाही. रोज शून्य. शून्य हा आकडाही मी विश्वासानं लिहितो.

चूक कुठे होती ते सांगतो, कारण ही चूक नागपूरचाच माणूस करील. टाकीचे दिवे पाणी तापवतात. बाहेर सेहेचाळीस असताना दुपारी दिवे लावले तर मासे उकडून निघतील. म्हणून एप्रिलपासून मी टाकीचा दिवस फिरवला होता. दिवे संध्याकाळी सहाला लागत आणि मध्यरात्रीनंतर विझत. दुपारी दिवे बंद, खिडक्यांना पुठ्ठे, पडदे ओढलेले, कूलरची घरघर. माझी रात्र ही टाकीची दुपार होती आणि आमची दुपार ही टाकीची रात्र. दहा वाजता मी भिंग घेऊन लख्ख उजेडात चोर शोधत होतो. चोर दुपारी दोनला येत होते, आणि तेव्हा मी बुटीबोरीला असे आणि वैशाली कूलरसमोर सतरंजीवर झोपलेली असे.

जागे फक्त बाबा असत.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा दुपारी काच ठोकू लागले. डाव्या हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास घेऊन, वाकून, टाकीच्या काचेवर. ठक. ठक. "साल्या. साल्या." वैशाली दचकून उठायची. ग्लास काढून घेतला तर चमचा. चमचा काढून घेतला तर बोटातली अंगठी. तिनं मला कारखान्यात फोन केला. "ऐकून राहिले का? मामाजी टाकी फोडून राहिले. शिंपला मिटत नाही म्हून राग आला त्याईले. मले त्याईच्या डोळ्याची भीती वाटून राहिली."

ते डोळे मला माहीत होते. मलाही राग म्हणजे रागच वाटला. रविवारी, एकोणीस मेला, मी घरी होतो. जेवून पडलो होतो, आणि ठक ठक सुरू झाली. मी उठलो आणि त्यांचं मनगट धरलं. डावं, चांगलं. त्यांनी सोडवायला जोर लावला, मी जास्त लावला. आम्ही दोघं त्या अंधारात एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, दात आवळून झटापट करत होतो, एक ब्याऐंशीचा आणि एक चौपन्नचा. त्यांच्या श्वासाला औषधाचा वास होता. ग्लास खाली पडला, गडगडत गेला. हाडावर हाड घासल्याचं मला जाणवलं आणि तरी मी सोडलं नाही, वर आणखी थोडं पिळलं. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते मी इथं लिहीत नाही.

वैशालीनं दिवा लावला. बाबांच्या मनगटावर माझी चार बोटं आणि अंगठा उमटला होता.

"सोडा," ती म्हणाली. "सोडा आता. कोणाचा हात हाय तुमचा, बघून घ्या एकदा आरशात."

बाबांची खुर्ची आम्ही आतल्या खोलीत नेली. तिथं कूलरचं वारं नीट पोचत नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी ललितला फोन करून सांगितलं, टाकी घेऊन जा. किंमत ठरली अठ्ठावीस हजार. त्यानं आगाऊ पाच हजार दिले, पुढच्या रविवारी टेम्पो आणतो म्हणाला. हात काय, वर गेला होता तेवढा गेला. काच फुटून म्हाताऱ्याची नस कापली गेली तर काय करायचं, असा माझा हिशेब.

तर, सव्वीस मे. ललित आला, तिशीतला, गळ्यात ओला रुमाल, हातात दोन बादल्या. बाहेर टेम्पोवाला टेम्पोच्याच सावलीत बसला. बाबांना आतून आवाज कळला असावा. आतल्या खोलीतून साल्या, साल्या सुरू झालं, थांबेचना. शेवटी वैशाली म्हणाली, "बघू द्या जाता जाता," आणि खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आली.

"काका, इतका अंधार काहून करून राहिले?" ललित म्हणाला. "लाइट तरी लावा. मासे पकडू कसे?"

"दुपारी दिवा लावत नाही. पाणी तापतं."

"मग मोबाइल तर लावू का नाही?"

त्यानं मोबाइलची बत्ती लावली आणि काचेजवळ नेली. उजेडाचा गोळा काचेवर पडला, आणि मला आधी दिसले ते ओरखडे. बाबांच्या ग्लासाचे, चमच्याचे, अंगठीचे. मी मोजायला लागलो, मला राहवत नाही. पंधराच्या वर होते, आणि सगळे एका तळहाताएवढ्या जागेत. एकही बाहेर नाही. चार फुटांच्या काचेवर.

मी त्या माणसाचा मार खाल्लेला आहे. रागाचा मार असा पडत नाही. रागात हात पाठीवर पडतो, कानावर पडतो, चुकून दाराच्या चौकटीवर पडतो. हा नेम होता.

मी वाकलो आणि ओरखड्यांच्या रेषेत आत बघितलं. शिंपल्याच्या बुडाशी, दगडाला टेकलेल्या कडेवर, तांदूळ चिकटलेले होते. पांढरे, टोकदार, डझनावारी. काही झालरीच्या कडेपर्यंत चढले होते. एक हलत होता.

"अहो," वैशाली माझ्या खांद्यावरून म्हणाली, "हा तर भात सांडला."

"स्नेल है, काकू," ललित म्हणाला. "पॅरासाइट. पूरा लगा हुआ है."

"साल्या," बाबा म्हणाले. हळू. पहिल्यांदाच तो शब्द मला शिवीसारखा वाटला नाही, पण मला नेमकं कोणाला म्हणाले ते आजही माहीत नाही.

मग दहा मिनिटं भांडण झालं, त्याशिवाय नागपुरात काही होत नाही. मी म्हणालो, मार्चमध्ये तू दिलेल्या शिंपल्यावरून आल्या. ललित म्हणाला, सिद्ध करा. मी म्हणालो, पंधरा दिवसांत मेला तो. तो म्हणाला, काका, उन्हाळ्यात तर माणूस बी मरून राहिला, त्याचं बिल कोणाले देता? वैशाली दोघांच्या मधे आली आणि म्हणाली, "भाऊ, टाकी देणं नाही आता. बादल्या ठेव, अन् ह्याले वाचवाचं कसं ते सांग. भांडण पुढच्या रविवारी करजो."

उपाय साधा होता आणि क्रूर होता. शिंपला बाहेर काढायचा, आणि गोड्या पाण्यात बुडवायचा. मीठ नसलेलं पाणी समुद्राच्या जिवाला विषासारखं. गोगलगायी त्यात फुगतात, सुटतात, मरतात. शिंपला मोठा असतो, तो आपल्या कवचाचे दोन्ही पाट आवळून धरतो आणि सोसतो. जास्त वेळ ठेवला तर तोही मरतो. अशक्त असला तर लवकर मरतो. आमचा अशक्त होता.

मी आरओचं पाणी टाकीच्या तापमानाला आणलं. वैशालीनं दगडासकट शिंपला उचलला. हवेत येताच त्यानं पिचकारी मारली, तिचं तोंड भिजलं. बादलीत सोडला तेव्हा आतून एक मोठा बुडबुडा आला आणि पाट करकरले. मग त्याच्या अंगावरून तांदूळ गळू लागले. एक, दोन, मग मूठभर. बादलीच्या तळाशी ते वळवळत होते, सोंडा बाहेर काढून, कोणालातरी शोधत असल्यासारखे. वैशालीनं जुन्या दातांच्या ब्रशनं कवच घासायला घेतलं. खवल्यांच्या आत जेलीचे पारदर्शक थेंब होते, त्यांची अंडी. तिनं ती खरवडली, इतक्या जोरानं की ब्रशची दांडी मोडली. मग नखानं. बोटांना कवचाची धार लागली, पाण्यात तांबडा धागा सुटला.

"रक्त येऊन राहिलं तुझं."

"येऊ द्या. घड्याळ बघा तुम्ही."

वीस मिनिटं ठरली होती. बाबा खुर्चीतून पुढे झुकून बघत होते, तोंडातून लाळ गळत होती, कोणी पुसायला गेलं नाही. सोळाव्या मिनिटाला शिंपल्याचे पाट सैल पडले. ललित म्हणाला, "काका, निकालो." मी म्हणालो, अजून चार. तो म्हणाला, आकडे सोडा, निकालो. वैशालीनं कोणालाच विचारलं नाही, उचलून टाकीत ठेवला. तो तिथं तोंड वासून पडला, झालर आत गोळा झालेली, मेल्यासारखा.

बादलीतल्या गोगलगायींतल्या काही अजून जिवंत होत्या. वैशालीनं बादली वर्तमानपत्रावर गाळली आणि एकेकीवर अंगठ्याचं नख ठेवलं. टच. टच. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि मीही नख ठेवलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हात विसरला नव्हता. आतून पांढरं पाणी निघत होतं, शिंपल्यातून प्यालेलं. मला त्यांचा राग आला नव्हता, खरं सांगायचं तर. रागाची गरजच नसते. हाताला एकदा लय मिळाली की पुढचं नख आपोआप पडतं, आणि संपल्या की आणखी असत्या तर बरं झालं असतं, असं वाटतं. खाटा आपटताना बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते काय होतं, ते मला त्या दुपारी कळलं. माफ करावंसं वाटलं असं नाही. कळलं फक्त.

शिंपला दोन दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली झालरीची एक कड बोटभर बाहेर आली.

पुढचा महिना आमच्या घरी दुपारी कोणी झोपलं नाही. बाबांची खुर्ची पुन्हा टाकीसमोर, हातात आम्हीच ग्लास दिला. दुपारी खोलीत अंधार केला की बाबा वाकून बसत, कावळा मेलेल्या उंदराकडे बघतो तसे. ठक. "साल्या." वैशाली बत्ती मारी, चिमटा आत घाली, खुडून काढी. ठक. "साल्या." तिला आता त्या शब्दाचे प्रकार कळू लागले होते: हा वरचा, हा दगडाखालचा, हा चुकला, पुन्हा घाल. ती उलट बोलायची, "दिसला, दिसला मामाजी, माझे बी डोळे हायेत. घाई काहून करता, पळून थोडी राहिला तो." सासरा आणि सून, पंचवीस वर्षांत एकमेकांशी एवढं कधी बोलले नव्हते. दर रविवारी गोड्या पाण्याची अंघोळ, दर वेळी मी घड्याळ धरून, दर वेळी वैशाली माझ्या आकड्याच्या आधीच उचलून घेई. रोजच्या मेलेल्या ती बाटलीच्या झाकणात जमवून ठेवी, मला संध्याकाळी दाखवायला.

जूनच्या एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, मी बूट काढत होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. खांदा आवळला, दात खाल्ले, उजवा हात टाकीच्या काठावर चढवला आणि पाण्यावर धरला. शिंपला खप्पकन मिटला. मी एक पाय बुटात ठेवून तसाच उभा राहिलो.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी अंघोळीनंतर बादलीत काही गळलं नाही. आठवडाभराच्या खुडलेल्या तेवढ्या झाकणात होत्या. वैशालीनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्या दहा-दहांच्या ओळीत मांडल्या. ढेकणांची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती. ते वर्तमानपत्र तिनं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या मामाजी, मोजा. तुमची शिकार हाय."

बाबांनी मान खाली घातली. डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवरून सरकलं. दुसऱ्या ओळीवरून सरकलं. तिसऱ्या ओळीच्या टोकाशी थांबलं. ती ओळ नऊची होती.

बाबांनी डोळे वर केले, तेच डोळे, आणि म्हणाले, "साल्या."

"थांबा," वैशाली म्हणाली. तिनं चिमट्याचं टोक बघितलं. दहावी तिथंच चिकटली होती. तिनं ती ओळीत ठेवली. "झाले दहा? का आता मले मारता?"

बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला. मी अगदी जवळ होतो, त्यांच्या खुर्चीशी वाकून. हाताची सावली माझ्या तोंडावरून गेली आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली, डोळे मिटले. चौपन्न वर्षांचा माणूस.

काही पडलं नाही. डोळे उघडले तेव्हा हात माझ्यावरून पुढे गेला होता, बाजूच्या स्टुलावर, फिजिओथेरपीच्या वाटीत. बोटं नाण्यांत चाचपडत होती. एक नाणं उचललं, पडलं. दुसरं उचललं, अंगठ्याखाली अडकलं, घसरलं, पुन्हा अडकलं. कपाळावर घाम आला. कोणी मदत केली नाही. नाणं वाटीच्या काठावरून वर आलं, हवेत थरथरत राहिलं, आणि ज्या बाजूला सून बसली होती त्या बाजूला गेलं.

तिनं ओला तळहात पुढे केला. बोटांवरच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या.

एकूण दिले गेले ते असे: ललितला आगाऊ घेतलेले पाच हजार परत, आणि टेम्पोचे आठशे. वैशालीला, तीन ओळींचे, दोन रुपये, बाबांच्या उजव्या हातानं, रोख. मला काही मिळालं नाही.